वाघोबाची हळद

रोहा. शनिवार, १८ जानेवारी, दुपारी चार.

अभयारण्यातले पर्यटकांचे तंबू खासगी कंपनीकडे गेले, तेव्हापासून मनगटावर बुकिंगची पट्टी नसेल तर गेटातून प्रवेश नाही. माझ्याकडे कामाला येणारी यमुना आज हळदीची वाटी घेऊन तिथे उभी होती, सोबत मी. तिच्या लेकीचं लग्न शुक्रवारी. त्यांच्या वाडीत पहिली हळद वाघोबाला, वाघदेवाला लागते, आणि वाघोबाचा दगड आता कुंपणाच्या आत.

“बुकिंग फुल हाय,” गार्ड म्हणाला.

“वाघोबानं तरी केलंय का रं बुकिंग?” यमुनानं विचारलं.

मी मॅनेजरला कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत झापलं. तो हसून म्हणाला, “मॅडम, तुम्ही या ना आत, चहा घ्या.” मला! मी कधी त्या दगडाला हातही जोडले नाहीत.

वाटी माझ्या ओट्यावर आहे. वाघोबाची हळद घरी परत नेत नाहीत म्हणे.

उद्या वनअधिकाऱ्यांना लिहिणार: यमुनाला आत सोडणार की नाही? लेखी उत्तर गुरुवारी दुपारी बाराच्या आत हवं. संध्याकाळी नवरीला हळद लागायची आहे.