दिल्लीसाठी लाइन मोकळी

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
पेपरात बातमी. नव्या लढाऊ विमानांचा करार टेक्नॉलॉजी ट्रान्सफरवर अडलाय. परदेशी कंपनी विमान जोडायला शिकवणार, इंजिनाच्या पात्यांचं गुपित मात्र देणार नाही. हसलो. हे मी १९८३ सालीच सांगितलं होतं. पस्तीस वर्षं नाशिकच्या विमान कारखान्यात रशियन कागदांचं इंग्रजी केलं, ते काय उगाच?
निश्चय : सरकारला निवेदन द्यायचं. जास्तीत जास्त चार पानं. आठवड्यात दिल्लीहून बोलावणं येईल.
वत्सलाला सूट इस्त्रीला टाकायला सांगितलं. म्हणाली, "त्या तुम्हले काब्रं बलावतीन आते?" मला कशाला बोलावतील म्हणे! बायकोला नवऱ्याची किंमत उशिरा कळते. वय चौऱ्याहत्तर म्हणजे काही नाही.

९ फेब्रुवारी
निवेदन एकोणीस पानांवर गेलं. काटछाट अशक्य. रशियन मॅन्युअलच्या एकट्या पान २१४ चीच पाच पानं झाली. पात्यांना किती तापवायचं ते पान २१३ वर होतं, किती वेळात थंड करायचं ते २१४ वर. आणि रशियाहून आलेल्या कागदांच्या पेटीत २१४ नव्हतंच. मी चार स्मरणपत्रं लिहिली. दर वेळी रशियन साहेबांनी चहा पाजला. पाती शेवटपर्यंत तिकडूनच तयार आली. आम्ही जोडायला शिकलो, घडवायला नाही. आता देश बदलला असेल, भाषा बदलली असेल, लपवायची पद्धत तीच.
वत्सलाला वाचून दाखवलं. जिन्यातच बसून ऐकलं तिने. "जिना चढताना दम लागस मले," असं दोनदा म्हणाली. गॅस असणार. ओवा खा म्हटलं.

१४ फेब्रुवारी
नंदुरबारचे डॉक्टर म्हणतात गॅस नाही, हृदयाची झडप. सुरतला ऑपरेशन. तारीख मिळाली, २ मार्च.
शहाद्याच्या शब्बीरने त्याच्या टायपिंगच्या दुकानातून निवेदन ईमेल केलं. दोन मिनिटांत उत्तर! "आपलं निवेदन मिळालं." शब्बीर म्हणतो, काका, हे मशीन आपोआप पाठवतं. त्याला काय माहीत. दिल्लीत कामाचा वेग वाढलाय.

२६ फेब्रुवारी
बोलावणं कधीही येईल. अशात मी सुरतला अडकून कसं चालेल? ऑपरेशन २७ मार्चवर ढकललं. रूपा पुण्याहून फोनवर ओरडली, "बाबा, ती आई आहे, फाइल नाही." मुली भावनाप्रधान असतात. इंजिनाच्या ओव्हरहॉललासुद्धा मुदतवाढ मिळते.
वत्सला काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

१५ मार्च
दिल्ली गप्प. म्हणजे बारकाईने वाचताहेत. एकोणीस पानं आहेत.
वत्सला हल्ली उशीला टेकून बसूनच झोपते. दोन उशा जास्तीच्या आणायच्या आहेत. उद्या नक्की.

२३ मार्च
रूपा गाडी घेऊन आली. तपासण्यांसाठी आजच भरती करायचं म्हणे. मी गुरुवारी पोचणार, ऑपरेशन शुक्रवारी. तोवर आमच्या पुरुषोत्तमनगरात थांबणं भाग आहे, सुरतच्या दवाखान्यात रेंज नसली तर? निवेदनात हाच नंबर दिलाय.
गाडीत बसताना वत्सला म्हणाली, "तुम्ही चला ना संगे." तीन दिवसांचा तर प्रश्न, म्हटलं. शिवाय बजावलं की दहा ते सहा सरकारी वेळ, फोन करू नकोस, लाइन मोकळी पाहिजे. म्हणाली, "बरं. मंग सहा नंतर करसू."
रूपाने गाडीची काच वर घेतली.
संध्याकाळी बरोबर सहा वाजून एक मिनिटाने फोन. शिस्तीची आहे.

२४ मार्च
आजही ६.०१. जेवलात का, विचारलं. निवेदनाचं काय झालं तेही विचारलं. मी अर्धा तास सांगितलं. ती कशी आहे ते विचारायचं राहिलं. उद्या.

२५ मार्च, संध्याकाळी ६.०५
आला! दिल्लीचा फोन आला! ५.३८ ला. बाई हिंदीत बोलत होत्या. नाव, वय, पेन्शन कुठल्या बँकेत, घरात माणसं किती, सगळं विचारलं. सिक्युरिटी क्लिअरन्स असणार. मी पान २१४ सविस्तर सांगितलं. बावीस मिनिटं. मध्ये दुसरा फोन टूं टूं करत होता, पण अशा वेळी ठेवता येतो का? वय ऐकून म्हणाल्या, "सर, आपके लिए ये स्कीम बंद है." म्हणजे माझी फाइल थेट वरच्या पातळीवर जाणार.
वत्सलाला सांगितलं पाहिजे. सहा वाजून गेले, तिचा फोन कसा नाही?

६.२०
मिस्ड कॉल आठ. सात रूपाचे. एक वत्सलाचा, ५.४८ चा.
सहाला बारा मिनिटं कमी होती. सत्तेचाळीस वर्षांत मी सांगितलेली वेळ तिने कधी मोडली नव्हती.
रूपाने फोन उचलला. ५.५५ ला गेली म्हणाली.

८ एप्रिल
डॉक्टर म्हणाले, हृदयावर ताण आला होता, वेळ फार गेला. मी हिशेब केला. इथून सुरत चार तास. फोन घेतला असता तरी पोचलो नसतो. फरक पडला नसता.
बोलता आलं असतं.
रूपा आता ओरडत नाही. एकदाच विचारलं, "कोण होतं फोनवर?" मी म्हणालो, दिल्ली. शब्बीरने नंबर तपासला होता. विमा विकणारी कंपनी. रूपाला सांगू नको म्हटलं.

१६ एप्रिल, सकाळी ११.२०
नाशिकहून कारखान्याचा फोन. पेन्शन विभाग. मेडिकल कार्डावरून पत्नीचं नाव कमी करायचंय. कोवळ्या आवाजाची मुलगी होती. म्हणाली, सर, मॅडमची जन्मतारीख सांगता?
एक मिनिट, म्हटलं. रूपा भाजी आणायला गेली होती. कपाट उघडलं. कागद कुठे असतात ते माहीत नाही. महिना आठवेना. सालसुद्धा अंदाजे.
मुलगी थांबून होती. मग म्हणाली, "राहू द्या सर. आमच्याकडे जुना फॉर्म आहे. तुमच्याच अक्षरात भरलाय."
तारीख काय आहे, विचारलं. तिने सांगितली.
लिहून घेतली.