पाच शब्दांचं इंग्रजी

दि. ९, बुधवार, दुपारी

लाडक्या धाकटीला थोरलीचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल, तुझ्या गुडघ्याचं कळव. चौथीतून उठवलेल्या बाईचं अक्षर आहे, गोड मानून घे.

आधी मजा ऐक. मी इंग्रजी बोलायला लागले! हसू नकोस. दिवसभर सूनबाईच्या शिवणखोलीत बसून बटणं लावते. तिला आपली भाषा येत नाही, मला तिची. पण इंग्रजीला वाक्यं लागतातच असं नाही गं. सुई टोचली की ‘आउच’. बाही नीट बसली की ‘वाव’. टाचण्या सांडल्या की ‘ऊप्स’. इस्त्रीचा ढीग संपला की कपाळ पुसून ‘फ्यू’. गिऱ्हाइकानं नवा झगा घालून गिरकी घेतली की दोघी मिळून ‘येऽऽ’!

लेक म्हणतो, “आई, फाडफाड बोलतेस की!”

म्हटलं, “तुझ्या बापाबरोबर चाळीस वर्षं नुसत्या ‘हं’वर काढली. हे तर पाच शब्द झाले.”

हां, काय सांगत होते? शुक्रवारी तिकडे परत यायला निघायचं म्हणून पेटी भरली होती. पण एक राहिलं होतं. तुला ठाऊक आहे ते. मी या दोघांच्या लग्नाला गेले नाही. चार वर्षं तिचा आवाज आला की फोन ठेवायचे. इथे आल्यापासून तिनं ते एकदाही बोलून दाखवलं नाही, आणि तेच सुईपेक्षा जास्त टोचत होतं.

काल कपाटातून तिच्या लग्नाचा झगा निघाला. स्वतः शिवलेला, पाठीवर इवलीइवली बटणं. ‘वाव’ म्हणत मी एकेक बटण चाचपून पाहिलं. मग झग्याकडे बोट केलं, माझ्याकडे केलं, नकारार्थी मान हलवली आणि म्हटलं, “ऊप्स.”

लेक दारात उभा. “आई! ऊप्स दूध सांडल्यावर म्हणतात. चार वर्षांच्या अबोल्याला नाही!”

मी ओशाळले. ती आधी हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम. आणि कपाळावरून हात फिरवून म्हणाली, “फ्यू!”

बाई बाई, केवढं ओझं वागवत होती पोर!

पेटी रिकामी केली. अजून महिनाभर येत नाही.

आणि धाकटे, तू तर लग्नाला जायची तयारी करून बसली होतीस. माझ्या हट्टापायी राहिलीस. तुला नुसतं ऊप्स पुरायचं नाही, म्हणून आपल्याच भाषेत लिहिते.

चुकले गं.

तुझी, आता फोन न ठेवणारी,
थोरली