बारदान वजा जाता

घाटंजी,
गुरुवार, ९ मार्च १९६१

प्रिय जमना,

तुझं पत्र काल दुपारी जिनिंगवर मिळालं. उभ्याउभ्या वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आवारात तीन चकरा मारल्या. बशीर हमालानं विचारलं, "मापारीजी, क्या गुम गया?" मी त्याच्यावरच खेकसलो. सोमवारपासून तू एकवीस दिवस नुसत्या लिंबूपाण्यावर राहणार म्हणतेस. एकवीस! बाई, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? सातवी शिकलो म्हणून मी पत्र शाळेतल्या भाषेत लिहितो हे तुला माहीत आहे, पण राग आला की हातातून घरची बोली निसटते. आज निसटली तर निसटली. मले आज शुद्ध लिहायचं नाही, मले तुले तिथून उठवायचं आहे.

आधी त्या गुरुजीचं घेतो. वर्ध्याकडच्या त्या निसर्गोपचार आश्रमात तू गेलीस ती गुडघ्यासाठी. जानेवारीत गेलीस, आता मार्च लागला. सकाळी कडुलिंबाचा रस, दुपारी बिनमिठाचा उकडलेला दुधी, संध्याकाळी पपईच्या चार फोडी आणि पोटावर चिखलाची पट्टी. हे काय जेवण झालं? तुझा भाऊ प्रेमसिंग सांगत होता, गेल्या आठवड्यात तू विहिरीवर चक्कर येऊन पडलीस, कपाळाला खोक पडली, आणि गुरुजी म्हणाले की शरीरातला विकार बाहेर निघून राह्यला. विकार? अरे, ती भूक आहे! चाळिशीची बाई, जन्मभर वावरात राबलेली, तिला दोन महिने उपाशी ठेवली तर ती पडणारच. त्याला काय पोथी वाचावी लागते? आणि तू मला यातलं एक अक्षर कळवलं नाहीस. पत्रात काय, तर 'प्रकृती उत्तम'. कपाळ फुटलं आणि प्रकृती उत्तम! वाचून माझ्या अंगाचा भडका उडाला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते विसरलीस? मी तिथंच तुझ्या शेजारी बसलो होतो. त्यांनी वजन विचारलं, तर तू बोलायच्या आधी मीच सांगितलं, सत्त्याहत्तर किलो, आमच्या नव्या काट्यावरचं, अगदी छाती फुगवून. ते म्हणाले, गुडघ्यावर भार पडतो आहे, दहा किलो उतरवा, पण वर्षभरात उतरवा. चार भाकरी खात असाल तर अडीच खा, वरून तेलाची धार घेता ती अर्धी करा, गूळ कमी करा, बाकी सगळं खा, पण पोटात थोडी जागा ठेवून उठा, आणि रोज चाला. बस्स, एवढंच. परत येताना मोटारीत तू तोंड वाकडं केलंस. अडीच भाकरी हे काय औषध आहे, म्हणालीस. तुला सोपं औषध औषधच वाटत नाही! वावरात निंदायला बसलीस की साऱ्या बायांच्या पुढे जाऊन एका दमात पिकाचं तास संपवणार आणि मग दोन दिवस कंबर धरून पडणार, तसलाच हा प्रकार. गुरुजींनी दहाचे वीस केले, वर्षाचे तीन महिने केले, आणि पहिल्याच आठवड्यात सात किलो उतरले म्हणून तू मला केवढ्या आनंदानं लिहिलंस. झालं! त्या दिवसापासून डॉक्टर खोटे आणि गुरुजी देव.

त्या दवाखान्यातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टरांनी विचारलं, बाई, आधी तर तुम्ही रोज कोसभर चालत होता म्हणता, मग सोडलं का? तू माझ्याकडे एकदा पाहिलंस आणि म्हणालीस, रस्त्यात कुत्रे आहेत. आपल्या तांड्यापासून जिनिंगपर्यंतच्या रस्त्यात कुत्रं नाही, जमना. मी रोज जातो. पण ते पुढे लिहितो, आत्ता नाही.

होळी झाली. तुझ्याविना लेंगीची गाणी म्हणजे काय असणार? तुझ्या जागी प्रेमसिंगच्या बायकोनं गाणं उचललं, तिचा आवाज दुसऱ्या कडव्यालाच बसला आणि बाया लवकर घरी गेल्या. त्यानंतर मंगळवारी प्रेमसिंग तुझ्याकडून गाठोडं घेऊन आला. याडीनं ते ओसरीवर उघडलं. वर आरशांचा घेरदार फेटिया, अंगातली काचळी, मग गळ्यातली हासळी, पायातले पितळी वाळे, कोपरापर्यंतच्या हाडाच्या बांगड्या. ठीक आहे. आश्रमात तुम्हाला खादीचं पांढरं लुगडं नेसवतात हे मला माहीत होतं, ते मी एकदाचं गिळलं होतं. पण सगळ्यात खाली, चिंधीत बांधून, तुझी घुगरी! केसांतली घुगरी आपल्यातली बाई कधी उतरवते हे मी तुला सांगायला पाहिजे का? नवरा गेल्यावर. याडीनं तिथंच हंबरडा फोडला. अर्धा तांडा धावत आला. बाया तिच्या गळ्यात पडून रडायला लागल्या, आणि मी, तिचा लेक, तिथंच खाटेवर, हातात चहाची बशी घेऊन बसलेला! शेजारचा नेमसिंग तर माझ्यासमोरून आत गेला आणि विचारतो कसा, किसनसिंग कधी गेला? मी ओरडलो, "अबे, जित्ता आहो मी!" तेव्हा कुठं रडणं थांबलं. आता तांड्यातली माणसं मला वाटेत थांबवून तब्येत विचारतात आणि हसतात.

मी प्रेमसिंगची गचांडी धरली. म्हटलं, त्या गुरुजीनं माझ्या बायकोची घुगरी उतरवली आणि तू भाऊ असून पाहत राह्यला? त्यानं माझा हात सोडवला आणि सांगितलं ते भलतंच. गुरुजी म्हणाले होते, केसांतलं राहू द्या, त्याची काही अडचण नाही. तूच काढलीस. पंधरा दिवस वजन अडून बसलं होतं, म्हणून आश्रमाच्या काट्यावर चढायच्या आधी तूच ती केसांतून सोडवलीस, भावाच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, "तेवढंच कमी भरन." घुगरीचं वजन ते किती? कायले काढली तू? कोणाला कमी भरून दाखवायचं होतं? मी प्रेमसिंगवर ओरडत राहिलो, पण कोणावर ओरडतो आहे ते माझं मलाच कळेना.

गाठोडं घरात दिसलं की याडी पुन्हा सुरू होईल, म्हणून काल ते कामावर घेऊन गेलो. घुगरी तेवढी आधीच काढून खिशात ठेवली होती. दुपारी तुझं पत्र आलं, ते वाचून काय झालं ते वर लिहिलंच आहे. संध्याकाळी कापसाची शेवटची बंडी तोलून झाली, काटा रिकामा झाला आणि हाताची सवय, दुसरं काय, मी ते गाठोडं उचलून काट्यावर ठेवलं. सहा किलो. बशीर शेजारी उभा होता. त्यानं गाठोड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "मापारीजी, उस दिन भाभी का बारदान काटा था क्या?"

बारदान! अठरा वर्षं मी या काट्यावर आहे. माल पोत्यासकट तोलायचा, रिकाम्या पोत्याचं वजन म्हणजे बारदान वजा करायचं, आणि मग उरेल तो आकडा मोठ्यानं पुकारायचा. अठरा वर्षांत एकाही कास्तकारानं माझ्या मापात खोट काढली नाही. आणि त्या दिवशी? घे, लिहितोच आता. दिवाळीनंतर किलोचा नवा काटा आला. हमालांना किलो म्हणजे नेमका किती ते कळेना, सगळे काट्याभोवती जमले होते. तेवढ्यात तू फाटकातून आलीस. डोक्यावर माझी भाकर, कोसभर चालून घामाघूम. मला मस्ती आली. म्हटलं, ये, तुलाच तोलून दाखवतो. तू नको म्हणालीस. दोनदा म्हणालीस. मी हात धरून तुला काट्यावर बसवलं आणि ज्या आवाजात कापूस पुकारतो त्याच आवाजात पुकारलं, "सत्त्याहत्तर किलो! जुन्या मापानं दोन मण तीन शेर!" बंडीवाले हसले, हमाल हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. तू खाली उतरलीस, भाकर माझ्यापुढे ठेवलीस, ओढणी डोक्यावर घेतलीस आणि आल्या फाटकानं परत गेलीस. दुसऱ्या दिवसापासून माझी भाकर प्रेमसिंगच्या हातानं यायला लागली. तू पुन्हा त्या फाटकाकडे फिरकली नाहीस, घरातून बाहेरच पडेनाशी झालीस, आणि महिनाभर बसून बसून गुडघे धरले. रस्त्यातलं ते कुत्रं मी होतो. तुला हे माहीत होतं, मलाही दवाखान्यात त्याच क्षणी कळलं होतं, आणि तरी मी तोंड मिटून बसलो. दोन महिने गुरुजीला शिव्या दिल्या, लिंबाला दिल्या, तुझ्या भावाला दिल्या. लाज वाटते मला.

आता माझा हिशेब ऐक. हा माझ्या धंद्यातला आहे, यात कोणत्या गुरुजीनं मला शिकवू नये. सत्त्याहत्तरातून बारदान सहा वजा जाता एकाहत्तर. तू तेव्हा एकाहत्तर होतीस. आश्रमात पहिल्या दिवशी तुला कोणी तोललं नाही, तू सांगितलेला माझाच आकडा लिहून घेतला. आठवड्यानं तोललं ते खादीच्या लुगड्यात. सात उतरले म्हणून नाचलीस ना? त्यातले सहा तुझ्या पेटीत पडले होते, हासळी आणि वाळे होऊन! दुधी खाऊन उतरला तो फक्त एक. आणि त्या एका आठवड्याच्या भरवशावर तू पुढचे सगळे आठवडे स्वतःला जाळत बसलीस. डॉक्टरांचे दहा एकाहत्तरातून वजा कर. किती राहिले? एकसष्ट. तुझ्या पत्रात किती लिहिलं आहेस? एकसष्ट! पुरं झालं, जमना. वर्षभराचं काम दोन महिन्यांत उरकलंस, कपाळ फोडून घेतलंस. डॉक्टरांना मी खरा आकडा सांगितला असता तर त्यांनी कदाचित दहासुद्धा म्हटले नसते. आता ते एकवीस दिवस कायले? यापुढे जे उतरेल ते चरबी नाही, माणूस उतरेल. अडीच भाकरी आणि कोसभर चालणं, एवढ्यावर हे जन्मभर राहतं. तुला ते औषध वाटत नसेल तर नको वाटू दे, जेवण म्हण त्याला.

हे पत्र गुरुजींकडून वाचून घेऊ नको. साक्षरतेच्या वर्गात तू माझ्याशी भांडून जात होतीस, ते आज कामी आण आणि एकटी बसून वाच. रविवारी मी येतो. मालकाला सांगून टाकलं, सीझन गेला खड्ड्यात. पण समोर आलो की मला बोलता येणार नाही, मी पुन्हा लिंबावर चिडेन. जन्मभर लोकांचं वजन पुकारलं, आपली चूक पुकारायची सवय नाही. म्हणून हे आधी लिहिलं. मी चुकलो, जमना. आज सकाळी काटा सुरू व्हायच्या आधी सगळ्या हमालांना, बंडीवाल्यांना उभं केलं आणि त्याच आवाजात पुकारलं, "मापारी चुकला!" आकडा नाही पुकारला. कोणी हसलं नाही. बशीरनं तेवढा डोळ्याला पंचा लावला आणि वर म्हणतो, धूळ गेली. तुला यायचं नसेल तर मी जबरदस्ती करणार नाही, एकदा हात धरून बसवलं तेवढं पुरे. पण सोमवारी जेव. कोणासाठी नाही, भूक लागली म्हणून जेव. फेटिया, हासळी, वाळे मी घरच्या पेटीत ठेवले आहेत, तुझ्या मनात येईल तेव्हा घाल, नाही तर राहू दे. घुगरी तेवढी खिशात घेऊन येतो. काल ती एकटीच काट्यावर ठेवून पाहिली, काटा हललासुद्धा नाही. पण हलला असता तरी ती मी बारदानात धरली नसती.

तुझाच,
किसनसिंग