आईच्या हातचे सतरा तमाले

टिलबर्ग
९ जानेवारी २०२२

ती. सौ. अस्मितावहिनीस,
मीनलचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. फोनवर बोलायची तुझी अडचण कळते. दादाचं ऑफिस दोन वर्षं तुमच्या जेवणाच्या टेबलावर भरतंय आणि त्या टेबलाला कान आहेत. तेव्हा पत्रंच बरी. पोस्टमनलाही जरा काम.

तू लिहिलंस की आईच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी संपली, तेव्हा दादाने बरणीतच गरम भात कालवला आणि उभ्याउभ्याने खाल्ला. मग म्हणाला की आता आईच्या हातचं जगात काही उरलं नाही. हे वाचून मी विरघळेन असं तुला वाटलं असणार. वहिनी, मला बरं वाटलं. आणि नंतर आठवलं की तो चुकतोय. उरलंय. माझ्या फ्रीजरमध्ये, खालच्या कप्प्यात.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात आई तीन आठवडे माझ्याकडे होती, तेव्हाची गोष्ट. नाताळात राफाएलच्या घरी तमाले होतात. मक्याच्या पिठाची मऊ उकड मक्याच्याच वाळक्या पानावर थापायची, आत बीफ भरायचं, पान मिटून वाफवायचं. तिकडे मॉन्तेरेला सगळ्या बायका जमून करतात. त्या वर्षी जमणं कुणाच्याच नशिबात नव्हतं, म्हणून माझ्या सासूबाई स्क्रीनवर बसल्या आणि मी स्वयंपाकघरात. बीफ पाच तास शिजवलं, तंतू सोडवले, सुक्या मिरच्या भिजवून वाटल्या, जिरं, लसूण. पिठात चरबी मीच घोटली आणि ते काही केल्या हलकं होईना. सासूबाई सांगत होत्या की गोळा पाण्यात टाक, तरंगला तर जमलं. माझा तीनदा बुडाला.

आई दारात उभी राहून बघत होती. आदल्या दिवशी पानं भिजत घातलेली बघून म्हणाली होती की ही आपण गुरांना घालतो. चौथ्यांदा गोळा बुडाला तशी ती पदर खोचून आत आली, मला बाजूला केलं आणि परातीत हात घातला. मी म्हटलं, आई, चरबी आहे. ती म्हणाली की दिसतंय मला, जावयाचा सण आहे, तुझ्या हाती दिला तर उद्यापर्यंत बुडतच राहील. तिचा गोळा तरंगला. स्क्रीनवर सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. मग दोघी दोन भाषांत दोन तास बोलल्या आणि कुणाचं काही अडलं नाही. थापलं सगळं आईने. मांस मी ठेवलं, त्याला तिने हात लावला नाही. पानं मिटून गाठी तिने मारल्या. मग आंघोळ करून आपला वरणभात खाल्ला. पुढे सात आठवड्यांनी तुमच्या घरी तिने डोळे मिटले.

त्यानंतरचं तुला माहीत आहे, तरी लिहिते. दादाने फोन करून सांगितलं की अंत्यविधीच्या हॉलमध्ये पंधराच माणसं घेतात आणि यादी भरली. मी सकाळपासून कोट घालून बसले होते, की कुणी गळालं तर त्याचा फोन येईल. मग तसंच कोट घालून लॅपटॉपवर बघितलं. आठ माणसं होती. सात खुर्च्या रिकाम्या. एप्रिलमध्ये तू खरं कारण सांगितलंस, की ज्या घरात गोमांस शिजतं तिथलं कुणी आईच्या तोंडात पाणी घालू नये असं त्याचं म्हणणं होतं.

माघ शुद्ध तृतीयेला वर्षश्राद्ध. ते त्याने करावं. मग त्याला सांग की मीनलकडे आईच्या हातचे सतरा तमाले आहेत. आत काय आहे तेही सांग. मी फसवून कुणाला काही खाऊ घालणार नाही. फक्त त्याला कळायला हवं की ते आहेत, कुणाच्या हातचे आहेत, आणि त्याला ते का खाता येणार नाहीत.

लोभ आहेच, तुझ्यावर. घरातल्या सगळ्यांवर आहे असं लिहिणार नाही.

तुझी,
मीनल


आल्मेरे
१६ जानेवारी २०२२

चि. सौ. मीनल हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तांदळाच्या डब्यात लपवलं आणि चार दिवस भात कमी केला. तुमच्या घराण्यात राग मुरवायची पद्धत लोणच्यासारखीच आहे, वर्षभर उन्हात ठेवायचा आणि मग बरणी उघडायची. हे मी थट्टेने लिहितेय, कारण तसं नाही लिहिलं तर मला रडू येईल.

त्या सात खुर्च्यांतल्या एकीवर माझी पर्स होती. हे मी तुला कधी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं की ती तुझी जागा आहे, आणि मी तिथे पर्स ठेवली, खुर्ची अगदीच रिकामी दिसू नये म्हणून. राजनशी मी तेव्हा भांडले नाही. आता भांडते, पण आता भांडून काय.

तरीही सांगते, हे करू नकोस. तो माणूस साधा कांदा-लसूणही खात नाही. त्याला तू असं काही दाखवतेयस जे त्याला गिळता येणार नाही आणि टाकूनही देता येणार नाही. तू फसवत नाहीस हे खरं. फसवलं असतंस तर तो निदान तुझ्यावर चिडून मोकळा झाला असता.

इकडचं ठीक. श्राद्धाचे गुरुजी पुण्याहून स्क्रीनवर सांगणार आहेत. आमच्या अद्वयला विचारलं की आजीसाठी काय करायचं, तर डचमध्ये म्हणाला की आजीला पॅनकेक आवडायचे. खरंच आवडायचे.

हे लिहून पाकीट बंद करणार तोच राजन तांदूळ घ्यायला उठला. त्याला आजच खिचडी लावायची हुक्की आली. तुझं पत्र त्याने वाचलं. खिचडी मात्र लावली नाही.

राफाएलला नमस्कार. माझ्यावरचा लोभ पर्सच्या गोष्टीने उणा होऊ देऊ नकोस.

तुझी,
अस्मितावहिनी


आल्मेरे
१९ जानेवारी २०२२

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

अस्मिताला लिहिलेलं पत्र मी वाचलं. ते मला उद्देशून नव्हतं, पण विषय मी होतो.

हॉलबद्दल मी तुला जे सांगितलं ते खरं नव्हतं. त्या वेळी मला जे योग्य वाटलं ते मी केलं. त्यावर आता चर्चा नको.

तमाल्यांबद्दल काही गोष्टी विचारायच्या आहेत. मांसाला आईचा हात लागला नव्हता, हे नक्की ना? उकडीचा थर किती जाड आहे? मांस आतल्या बाजूला असेल तर बाहेरचा भाग अलगद सोडवता येईल का? तसं असेल तर मला एक पुरेल. अर्धाही चालेल. मी येऊन घेऊन जाईन, तुला त्रास नको.

कळावे.
राजन


टिलबर्ग
२४ जानेवारी २०२२

ती. दादास,
सा. न.

थर पाव इंचाचा आहे. उकडीत चरबी आहे, मांसाचं पाणी आहे आणि वर मिरचीचा लाल रस्सा तिच्यात वर्षभर मुरलाय. सोडवता येणार नाही. आईने थापताना दाबलेली तीन बोटं मात्र अजून दिसतात.

घेऊन जायला मिळणार नाही. रविवारी सहा तारखेला ये. वाफवून ठेवते. खायचा तर आख्खा, माझ्यासमोर. नाही तर नुसता बघून जा. बघण्याचा मला अनुभव आहे, वाटतं तितकं कठीण नसतं.

ट्रेनने येणार असशील तर डेन बोशला गाडी बदलावी लागते.

मीनल


आल्मेरे
९ फेब्रुवारी २०२२

चि. मीनल हिस,
आशीर्वाद.

रविवारी राजन अंधार पडल्यावर परत आला. कोटाच्या खिशात मक्याची दोन पानं होती, घडी केलेली. तो नळाखाली भांडी घासत उभा राहिला आणि पाठमोऱ्यानेच सगळं सांगितलं.

म्हणाला, की तू ताट समोर ठेवलंस आणि समोरच्या खुर्चीवर बसलीस. राफाएल बाहेर निघून गेला होता. पान उलगडलं तर आईची बोटं दिसली. त्याने आधी वरची उकड नखाने खरवडून पाहिली, मग तुझ्याकडे बघितलं, आणि खाल्ला. आख्खा. म्हणाला की उकड तिचीच होती, पुरणासारखी घोटलेली, शंका घ्यायला जागा नव्हती. मग स्वतःहून दुसरा मागितला. तू तोही वाढलास.

मीनल, मला वाटलं होतं तो आल्या आल्या अंगावर पाणी घेईल, देवापुढे बसेल, प्रायश्चित्त विचारायला गुरुजींना फोन करेल. यातलं काही केलं नाही. खाल्ल्याचं त्याला काही वाटत नाही असं म्हणाला. त्याला वेगळंच लागलंय.

तुला आठवत असेल, लसूण घालायच्या आधी आई त्याचं वेगळं काढून ठेवायची. आमटी असो, भाजी असो. आमचं लग्न झालं तेव्हा मला पहिली गोष्ट ती शिकवली, की फोडणीआधी राजनचं काढ. इथे आली तेव्हाही रोज एक छोटं पातेलं बाजूला असायचं. काल ऑफिसची मीटिंग चालू असताना त्याने आवाज बंद केला आणि मला म्हणाला की सतरा केले तिने, आणि माझं एकही वेगळं काढलं नाही. तिने मला ओळखलं असणार, म्हणाला. मी मीनलशी काय करणार हे तिला आधीच कळलं असणार.

दोन दिवस तो धड जेवलेला नाही. म्हणून एवढंच विचारते, त्या दिवशी थापताना आई त्याच्याबद्दल काही बोलली होती का? रागाचं असलं तरी कळव. या घरी तुझ्या पत्राची वाट बघणारे आता दोघं आहेत.

तुझी,
अस्मितावहिनी


टिलबर्ग
१२ फेब्रुवारी २०२२

दादा,

वहिनीने विचारलंय, पण उत्तर तुला लिहायला हवं.

सतरा नव्हते. बावीस होते.

मांस घरात आणायच्या आदल्या दिवशी आईने मला दुकानात पिटाळलं आणि काळा घेवडा आणायला लावला. माझ्याकडून कृती ऐकून चरबीऐवजी तूप घेतलं. लसूण नाही, कांदा नाही, हिरवी मिरची आणि जिरं. पाच तमाले केले, वेगळ्या पातेल्यात वाफवले, आणि त्यांना दुहेरी गाठ मारली, मिसळू नयेत म्हणून. मला म्हणाली की नव्या वर्षात आल्मेरेला पाठव, आणि राजनला म्हणावं की तुपातले आहेत, निवांत खा. नंतर दुसऱ्या दिवशी ती मला मदत करायला आली, ती बहुतेक हात बसला होता म्हणून.

जानेवारीत मी पाठवले नाहीत, कारण माझ्याकडून राहिलं. फेब्रुवारीनंतर पाठवले नाहीत, कारण मला पाठवायचे नव्हते. वहिनीपासूनही लपवलं. तिला मोठ्या तोंडाने लिहिलं होतं की मी फसवून कुणाला काही खाऊ घालणार नाही.

तू रविवारी माझ्यासमोर बसलास तेव्हा ते तुझ्या पाठीमागे होते, चार पावलांवर. तू पान उलगडलंस तेव्हा मी सांगू शकले असते. नखाने खरवडत होतास तेव्हाही. तू पहिला घास घेतलास आणि मला आनंद झाला, दादा. शेवटच्या घासापर्यंत होत राहिला. आयुष्यभर जे जपलंस ते तू आईसाठी मोडत होतास, आणि तुझं वेगळं काढलेलं होतं हे फक्त मला माहीत होतं. दुसरा मागितलास तेव्हाही मी तोच वाढला.

आई तुला विसरली असं तुला वाटेल, हे माझ्या मनात नव्हतं. तेवढं मला नको होतं. बाकी सगळं हवं होतं.

माफी मागत नाही. तूही मागितलेली नाहीस. तुझ्या पत्रातल्या त्या एका ओळीला मी माफी धरत नाही.

पाचातले चार एका डब्यात घातलेत. एक मी सोमवारी खाल्ला, तू गेल्यावर, तुझा वाटा कमी व्हावा म्हणून. चांगला होता. मीठ जरा कमी आहे, तुझ्या रक्तदाबामुळे असणार. झाकण घट्ट ठेवून वीस मिनिटं वाफव, उघडून सारखा बघू नकोस.

डबा पोस्टाने पाठवला नाही, वाटेत वितळला असता. राफाएल गाडीने घेऊन आलाय आणि हे पत्र तुझ्या हातात देऊन आत्ता तुझ्या दारात उभा आहे. बारा वर्षांत तू त्याला घरात घेतलेलं नाहीस. डबा तो आत आल्यावरच देईल, तसं मी त्याला बजावलंय. मराठी त्याला फारशी येत नाही, पण ये म्हटलेलं कळतं.

वहिनीला नमस्कार, अद्वयला आशीर्वाद. लोभ किती उरलाय ते मला इथे बसून कळत नाही. राफाएल परत आला की त्याला विचारेन.

मीनल