पाठीवरचे दोन घास

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

ड्वेनचा फोन. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाची टर्की या वर्षी तो कापणार म्हणे! विचारलं नाही — सांगितलं. "व्हर्लिन नाही, तर टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी पुरुष माणूस उभा राहायला हवा ना, आर्लिस?" वर म्हणतो, "तुझं भाजायचं काम तू कर, बाकीचं मी बघतो."

बाकीचं म्हणजे काय, तर सुरी! पहाटे उठून टर्की मी धुवायची, मी भरायची, तासन्‌तास ओव्हनसमोर मी वाकायचं. आणि ती छान तांबूस होऊन टेबलावर आली की दीर उभा राहणार, सुरी चालवणार आणि सगळे त्यालाच वा वा म्हणणार. चौतीस वर्षं हेच चाललं. पण तेव्हा सुरी धरणारा निदान नवरा होता, व्हर्लिन. आता दिराचंही ऐकून घ्यायचं?

"बघू" म्हटलं आणि फोन ठेवला. मग ओटा पुसला. पुसलेलाच होता, तरी पुसला.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

सकाळच्या फेरीची मुलं शाळेत सोडून माझी बस लावत होते, तर शेजारची लॉरेन गाठायला आली. "अगं आर्लिस, यंदा कशाला एवढा घाट घालतेस? चर्चच्या हॉलमध्ये जेवण आहे, ये तिकडेच. नाहीतर टर्कीचं नुसतं छातीचं मांस आण. तुला एकटीला कितीसं लागणार!"

बोलताना मान एका बाजूला कलती करते ती. जूनमध्ये व्हर्लिन गेला, तेव्हापासून सगळं गाव माझ्याशी मान कलती करूनच बोलतं. एकेकाची धरून सरळ करावीशी वाटते!

लॉरेनला जेवायला बोलावून टाकलं. रागाच्या भरात. आता ती हिरवी जेली घेऊन येणार, आत किसलेलं गाजर.

शनिवार, १६ नोव्हेंबर

टर्की आणली. सोळा पौंडांची. जेवायला आम्ही चौघं — मी, माझा मुलगा कर्ट, ड्वेन, लॉरेन. दुकानातली पोरगी म्हणाली, "घरात बरीच मंडळी दिसतायत!" म्हटलं, "मंडळी कमी, राग जास्त." तिला काही कळलं नाही. मी तरी काय सांगणार होते!

गोठून नुसता दगड झालीय. तळघरातल्या फ्रीझरपर्यंत नेताना जिन्यावर दोनदा टेकवली. हे ओझं व्हर्लिन उचलायचा. उचलताना कण्हायचा नाही, थांबायचा नाही. मागच्या वर्षीसुद्धा नाही. तेव्हा त्याच्या छातीत दुखत होतं का? असेलही. सांगतोय कोण!

आता आलंच आहे तर लिहून टाकते. ड्वेनचा राग आहे, पण तो वरवरचा. खरा राग व्हर्लिनचा आहे. मार्चमध्ये डॉक्टरने त्याला सांगितलं होतं, हृदयाचं ऑपरेशन करून घ्या. मला हे कधी कळलं? त्याला पुरून आल्यावर! दवाखान्यातल्या बाईचा फोन आला — "हॉगेनसाहेब तारखेला आले नाहीत, नवी तारीख देऊ का?" म्हटलं, "द्या कुठलीही. आता ते गावातच आहेत, कुठे जायचे नाहीत." मग तिला खरं काय ते सांगितलं. बिचारी फोनवर रडायला लागली. तिचीच समजूत काढली मी.

मार्च, एप्रिल, मे. रोज सकाळी समोर बसून कॉफी प्यायचा. हवा कशी आहे, बसचा ब्रेक कसा लागतोय, सगळं विचारायचा. आणि हे एक सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही!

सोमवार, १८ नोव्हेंबर

बर्फ. फावडं मीच मारलं. ड्वेन विचारायला आला — मारून झाल्यावर.

बुधवार, २० नोव्हेंबर

कर्टला फोन केला. ठरवूनच केला. म्हटलं, "ऐक, यंदा टर्की मी कापणार आहे."

तो लगेच म्हणाला, "आई, तू नको."

"का?"

"नकोच. मी कापतो. नाहीतर काकाला कापू दे."

"अरे पण का? मला सुरी धरता येत नाही?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"असंच."

असंच! बापाचीच ती खोड. शब्द घशाशी आणायचा आणि गिळून टाकायचा. एकतीस वर्षांचा घोडा झाला, दुसऱ्यांच्या पोरांना शाळेत बोलायला शिकवतो आणि आईशी बोलताना "असंच"! माझ्या घरात, माझ्या ओव्हनमध्ये भाजलेल्या टर्कीला मी सोडून कुणीही सुरी लावावी!

आता तर मीच कापणार. मग कुणी जेवो न जेवो.

रविवार, २४ नोव्हेंबर

टर्की फ्रीझरमधून काढून वर फ्रीजमध्ये ठेवली. गुरुवारपर्यंत बर्फ सुटेल.

सुरी हवी होती. ती व्हर्लिनच्या सुतारकामाच्या खोलीत असते. जूनपासून त्या दाराला हात लावला नव्हता. आज लावला. आत अजून भुशाचा वास. सुरी फळीवर, फडक्यात गुंडाळलेली. बोट फिरवलं तर कापलंच! मागच्या वर्षीच धार लावून ठेवून दिली होती. बघा, सुरीला धार लावायची आठवण असते माणसाला. बायकोला ऑपरेशनचं सांगायची नसते.

बोटाला चिंधी बांधून तिथेच त्याच्या स्टुलावर बसले. त्याचं कापणं आठवलं आणि परत डोकं फिरलं. हा माणूस सुतार. लाकडाची ढलपीसुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. कपाटाचा खण असा बसवायचा की फटीत कागद जाणार नाही. आणि टर्की कापायला उभा राहिला की नुसता धसमुसळा! छाती काढायची, तंगड्या मोडायच्या आणि "झालं!" म्हणून सुरी खाली. पाठीला कधी हात लावला नाही. कमरेजवळ, मांडी जिथे सुटते तिथे हाडाच्या खोबणीत मांसाचे दोन गोळे असतात, दोन्हीकडे एकेक. बोराएवढे असतील. अख्ख्या टर्कीत त्याच्याइतकं मऊ, रसाळ दुसरं काही नाही. दरवर्षी ते तसेच सोडायचा. चौतीस वर्षांत कळलं नाही त्याला!

मग स्वतःच सांगाडा उचलून आत सिंकपाशी आणून ठेवायचा आणि सगळ्यांना बाहेर हाकलायचा — "चला, मॅच लागली. तिला तिचं काम करू द्या." माझं काम! चिकट भांडी, तुपकट ताटं, सांगाडा खरवडून सुपासाठी मांस काढणं, हे माझं काम. आणि पुरुष सगळे सोफ्यावर, पट्टे सैल करून. दार ओढून घ्यायचा वर! आवाज नको ना यायला भांड्यांचा.

ते दोन घास मग मी खायची, तिथेच, उभ्याउभ्या. त्याला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या वर्षीपासून त्यानेच खाल्ले असते.

पण यंदा ठरलं. सगळ्यांसमोर टर्की उलटी करणार आणि ते दोन घास काढून दाखवणार. बघा म्हणावं, तुमच्या मोठ्या कारागिराने आयुष्यभर काय सोडलं ते. तो नाही ऐकायला, नसू दे. बाकीच्यांनी ऐकावं.

बुधवार, २७ नोव्हेंबर

सुटली नाही! पोटात हात घातला तर आत बर्फ. दुकानातून पोटात घालून देतात ती काळीज-गुर्द्यांची पुडी आत चिकटून बसलेली, ओढली तर नुसता कागद हातात आला. फ्रीजचं बटण व्हर्लिनने कधीतरी फिरवून ठेवलंय, दूधसुद्धा गोठतं त्यात. ते तरी सांगायचं! दिवसभर टर्की सिंकमध्ये गार पाण्यात. पाणी ओत, परत भर, परत ओत. बोटं बधिर. ती बांधलेली चिंधी कुठे गेली कोण जाणे. टर्कीत नसली म्हणजे मिळवली.

दुपारी कर्ट आला. आल्या आल्या पाणी बदलायला लागला. पाठीवरून हात फिरवला माझ्या. बरं वाटलं, नाही म्हणत नाही. पण मग हळूच म्हणतो, "कापायचीच असेल तर काप, आई. पण वरचं वरचंच काप हां."

"वरचं वरचं म्हणजे?"

"म्हणजे... बाबा कापायचे तसं."

पाण्याचं भांडंच त्याच्या पायावर ओतणार होते! बाबा कापायचे तसं! म्हटलं, "तुझ्या बाबांना कापता येत नव्हतं. उद्या दाखवते कापायचं कसं." यावर तोंड उघडून बंद केलं त्याने. बापाचा मुलगा! चहा टाकला नाही त्याला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर, सकाळ

ओव्हनमध्ये आहे. आतून-बाहेरून मीठ चोळलं. कातडीखाली हात घालून लोणी फासलं — कातडी न फाडता, हे ड्वेनला जमेल का कधी? पोटात पाव, कांदा, सेलरी, सेजचा सुवासिक पाला. पाय सुतळीने बांधले. आईचं निळं, ठिपक्याठिपक्यांचं भांडं. वास सुटलाय. हा वास सुटला की व्हर्लिन अंगणातून आत यायचा, ओव्हनचं दार उघडायचा, मी ओरडायची — "दार लाव, ऊब जाते!" लावायचा. मग परत उघडायचा.

दर अर्ध्या तासाने भांड्यात सुटलेलं तूप मी वरून घालतेय. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी नाही. कर्ट खुर्च्या मांडतोय. टोकाची खुर्ची त्याने भिंतीला लावून ठेवली होती. मी ओढून परत टोकाला आणली.

ड्वेन आलाय, इस्त्रीचा सदरा घालून. "सुरी कुठाय?" विचारलं. म्हटलं, "माझ्या हातात."

गुरुवार, जेवणानंतर

कापली. मीच. आता काही लिहवत नाही.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

टोकाला उभी राहिले, त्याच्या जागी. छाती काढली, तंगड्या सुट्या केल्या. ड्वेनचा चेहरा पडलेला, मला मजा येत होती. मग टर्की उलटी केली. म्हटलं, "आता बघा! व्हर्लिनला चौतीस वर्षांत जे सापडलं नाही ते." अंगठ्याने दोन्ही घास उचकटले. एक ड्वेनच्या ताटात टाकला, एक कर्टच्या.

कुणी काट्याला हात लावेना. लॉरेन जेलीकडे बघत बसली. मग ड्वेन — एरवी तोंड मिटत नाही त्याचं — खाली बघून म्हणाला, "हे मला गिळायचं नाही, आर्लिस. तुमचं लग्न झालं त्याच्या पुढच्याच वर्षी मी तिकडे काटा नेला होता. व्हर्लिनने बोटांवर फटका मारला. म्हणाला, ते तिचे. ती मागाहून सिंकपाशी उभी राहून खाते. डोळे मिटून खाते, म्हणाला, मी दारातून पाहिलंय."

"बाबांनी मला कापायला शिकवलं तेव्हा पहिलं तेच सांगितलं," कर्ट म्हणाला. "पाठ आईची. सांगाडा तिच्यापाशी नेऊन ठेवायचा, सगळ्यांना बाहेर काढायचं आणि दार ओढून घ्यायचं. मला शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून. तू कापलंस तर तुझ्यासाठी कोण सोडणार होतं, आई?"

दोघांनी आपापला घास माझ्या ताटात आणून ठेवला. मी खाली बसले. बसून खाल्ले ते, पहिल्यांदाच. गार झाले होते.

मी डोळे मिटते, हे मलाही माहीत नव्हतं.

सांगायचं होतंस, मेल्या. हेही आणि तेही!