बंब माझ्याकडे, झाकण तिच्याकडे

मी, खाली सही करणारी बाई, वय ऐंशीच्या पुढे (नेमकं किती ते माझ्या आईला ठाऊक होतं, ती सांगायला राहिली नाही), राहणार खाणीच्या चाळीतलं शेवटून दुसरं घर, आज अक्कलहुशारीने आणि स्वखुशीने हे मृत्युपत्र करून ठेवते. माझ्यावर कोणाचं दडपण नाही. या घरात दडपण घालायचं काम आजवर मीच केलं. डोकं ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली. ते म्हणाले, "आजी, आज वार कोणता?" मी वार सांगितला, आणि त्यांच्या सदऱ्याचं बटण एक घर चुकलंय तेही सांगितलं.

मी बोलते आणि वकिलाचा कारकून लिहितो. त्याने शब्द बदलायचा नाही. मला अक्षर लावून लावून वाचता येतं. वेळ लागेल, पण पकडीन.

कलम १. थोरल्या मुलाला ह्यांची खाणीतली टोपी, दिव्याच्या खाचेसकट. थोरल्याने सासरी सांगून ठेवलंय की वडील खाणीत साहेब होते. अरे, तुझे वडील खाली कोळसा फोडत होते, आणि मी वर कोळशाच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून त्यातले दगड निवडत होते. दोन्ही काळेच, पण दगड हाताला जड लागतो. माणसंही मी अशीच निवडली, एकदोनदा फसले. टोपी बैठकीच्या खोलीत टांगायची. पलंगाखाली नाही.

ह्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा डोळ्यांत काजळाची रेघ. आत्या कुजबुजली, "पोरगा शौकीन दिसतो गं." लग्नानंतर कळलं, तो कोळसा, साबणाला दाद देत नाही. जन्मभर तसाच राहिला. शोभायचा, हे आता लिहायला हरकत नाही.

कलम २. सुनेला कपाट. आल्या दिवसापासून त्यावरून हात फिरवते आणि म्हणते, "आई, जुनं झालं हो हे." आता घरी ने आणि मनसोक्त जुनं म्हण.

कलम ३. पोस्टातली शिल्लक थोरल्याने आणि धाकट्या लेकीने निम्मी निम्मी घ्यावी. भांडू नये. भांडण्याइतकी नाही.

कलम ४. बंब. हे नीट लिही रे. आमचे हे आणि माझे दीर एकाच पाळीला खाली उतरायचे आणि बरोबरच काळे होऊन वर यायचे. बंब घरात एक. पहिलं गरम पाणी कोणाच्या पाठीवर, यावरून मी आणि माझी धाकटी जाऊ रोज भांडायचो, आणि दोघे पुरुष अंगणात कुडकुडत आमचं संपायची वाट बघायचे. शेवटी वाटणी झाली. मधोमध भिंत आली. बंब माझ्याकडे आला आणि जाऊबाईने झाकण उचलून नेलं. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी बंबावर ताटली ठेवते. ती ते झाकण पिठाच्या डब्यावर ठेवते. बसत नाही, तरी ठेवते. बंब माझ्या धाकट्या लेकीला. झाकणावरचा हक्क मी सोडलेला नाही, तोही तिलाच.

कलम ५. घर. थोरला म्हणतो, "आई, ठेकेदार तयार आहे. तुझ्यामागे इथं गोदाम करीन म्हणतो."

म्हटलं, "आणि पलीकडे काकू?"

"काकू राहील की तिच्या घरात. तिला कोण हात लावतंय?"

"तेच म्हणते मी. पडली तर कोण हात लावील?"

याचं कारण सांगते. एकदा खाणीत छत बसलं आणि दोघे भाऊ आत अडकले. त्यांनी पाण्याच्या पाइपावर हातोडीने तीन ठोके दिले, थांबले, पुन्हा तीन दिले. बाहेरून तसंच उत्तर गेलं, आणि माणसं त्या आवाजामागे खणत जाऊन पोचली. दोघे जिवंत निघाले. पुढे म्हातारपणी छातीने गेले, एकामागोमाग एक. राहिलो आम्ही दोघी, भिंतीच्या दोन बाजूंना तोंडं बंद करून. एका सकाळी मी तापाने पडून होते. माझी खुडबुड ऐकू आली नाही, तर पलीकडून तीन ठोके! असा संताप आला की उठले आणि उलट तीन हाणले. ताप उतरला.

तेव्हापासून रोज चहाआधी मी तीन मारते, ती तीन मारते. "मेलीस का?" "नाही." एवढाच मजकूर. याला बोलणं म्हणत नाहीत. आधी बोटाच्या पेराने मारायचे, मग फुंकणीने, हल्ली बत्त्याने मारते. का ते विचारू नये.

मागच्या थंडीत उत्तर आलं नाही. मी पहारीने तिची कडी उचकटली. बाई मोरीत पडलेली, खुब्याचं हाड मोडून. गाडीवाल्याला हाताशी धरून उचलून गाडीत घातली. वाटेत ती एकदा "हळू" म्हणाली, ते गाडीवाल्याला उद्देशून होतं असं मी धरते.

तिला मूलबाळ नाही. मी गेल्यावर त्या भिंतीला उत्तर कोण देणार?

म्हणून घर धाकट्या लेकीला. ती शिवणकाम करते; मशीन इथंही चालेल. अट अशी की जाऊ जिवंत आहे तोवर घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, आणि रोज सकाळी तीन ठोके द्यायचे. उत्तर नाही आलं तर पहार दाराआड आहे. कुलूप, मानपान काही बघायचं नाही. भिंतीच्या गिलाव्याला खड्डा पडलाय तो बुजवू नये, तिथंच मारावं. लेकीने अट मोडली तर घर थोरल्याला, आणि अट त्याच्या मानगुटीवर.

कारकून विचारतो, "आजी, अटीचं कारण काय लिहू? प्रेमापोटी?"

"ते राहू दे. शेजारधर्म लिही."

कलम ६. याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. तोंडी धमक्या पुष्कळ दिल्या, त्या आजपासून रद्द समजाव्यात.

कलम ७. वकील म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मग जाऊबाईच साक्षीदार. मी तिला काहीही ठेवलेलं नाही, हे तिच्याच अंगठ्याने पक्कं झालेलं बरं. मी बोलावलेलं नाही. कारकुनाला धाडते आहे.

ठिकाण: मधल्या भिंतीच्या अलीकडची खोली.
तारीख: वर शिक्का पडला आहे ती.
सही: स्वतःच्या हाताची, वाकडी, पण माझी.

साक्षीदार पहिले: दवाखान्याचे डॉक्टर. बटणे नीट लावून हजर.

साक्षीदार दुसरी: लिहून देणारीची धाकटी जाऊ. काठी टेकत स्वतः आल्या. डाव्या हाताचा अंगठा.

कारकुनाची नोंद: दुसऱ्या साक्षीदारास सर्व मजकूर मोठ्याने वाचून दाखवला. अंगठा देण्यापूर्वी त्यांनी पुढील शब्द घालण्यास सांगितले: "झाकण माझंच आहे. आणि पोरीला सांगा, ठोके जरा जोरात मार. मला हल्ली कमी ऐकू येतं."

यावर लिहून देणाऱ्या बाई म्हणाल्या, "माहीत आहे." कोणाला उद्देशून, ते त्यांनी सांगितले नाही.