कूलरपुढची जागा

५ मे, सोमवार
तीन प्रिंटर आले. टेबलं कमी, कटकट जास्त. तालुक्यांच्या सगळ्या कार्यालयांना एकाच प्रकारचे घ्यायचेत, आणि कुठले ते आमच्या चाचणीवर ठरणार. चाचणी माझ्या गळ्यात. साहेब म्हणाले, "तुम्ही कोणाचं ऐकत नाही, म्हणून तुम्हीच." कौतुक की टोमणा, कळलं नाही.

दोन नवेकोरे. तिसरा मेहरूण भागातल्या अस्लमभाईंचा, जुन्या मशीनला नवे भाग घालून उभा केलेला. आमचे प्रिंटर इतकी वर्षं तेच दुरुस्त करतात. हे काम गेलं तर दुकान बंद करून सुरतला पोराकडे. ते बोलले नाहीत, त्यांची बायको बाजारात भेटली ती बोलली. चाचणी घेणाऱ्या बाईने असलं काही ऐकू नये. ऐकलं.

६ मे, मंगळवार
तिघांच्या नावांवर कागद चिकटवले. अ, ब, क. अस्लमभाईंचा क. निदान बघणाऱ्यांना तरी कळायला नको कोणाचा कुठला.

कंपनीवाले वेग सांगतात तो चार ओळींच्या इंग्रजी पानाचा. आम्ही काय तसली पानं छापतो? आपलं मराठी परिपत्रक घेतलं, तक्त्यासकट, जोडाक्षरांनी भरलेलं. तिघांना तेच पान, एकाच गठ्ठ्यातला कागद. 'अ'चा विक्रेता हसला, "मॅडम, पत्रिका जुळवताय का?" म्हटलं, हो, आणि मंगळ असेल तर तोही दिसेल.

८ मे, गुरुवार
क बसला. कागद अडकला, काढला, परत अडकला. बाहेर आले ते गोल वळलेले, छपाई फिकी, वेलांट्या अर्ध्या गायब. अ आणि ब बरे चालले.

अस्लमभाईंना आत येऊ दिलं नव्हतं, नियम माझाच. बाहेर बाकावर बसून ते अडकल्याचा आवाज ऐकत होते. दिसलं तेच लिहिलं. साहेबांनी दुपारीच अहवाल धुळ्याला पाठवला, खरेदी समिती तिथली.

९ मे, शुक्रवार
'क'च्या ट्रेमधला एक कोरा कागद सहज हातात घेतला. मऊ. सादळलेल्या पापडासारखा. वर बघितलं तर समोर कूलर, हवेचा सगळा झोत थेट मशीनवर. काल वाटलं होतं, प्लग तिथे आहे म्हणून ठेवलं असेल.

नानांना विचारलं. नाना आमचे शिपाई, या महिनाअखेरीस निवृत्त. रिक्षातून मशीन त्यांनीच उतरवलं होतं, म्हणजे नाव झाकून उपयोग काय. म्हणाले, "आस्लमभाऊनं मशीन शे, जुनं. तपी जाई म्हनीसन तठे ठेवं. पाव्हनास्ले आपण तठेच बसाडतस ना?"

जुनं मशीन तापेल म्हणून. खरंच, मे महिन्यात येईल त्याला आपण कूलरपुढेच बसवतो. त्यांना काय बोलणार.

मशीन कोपऱ्यात नेलं, नवा गठ्ठा फोडला, तेच परिपत्रक दिलं. एकही कागद अडकला नाही. वेलांट्या सगळ्या जागेवर. मला रडू आलं. प्रिंटरसाठी रडणारी बाई.

१३ मे, मंगळवार
साहेबांना सांगितलं, चाचणी बाद, पुन्हा घेऊ. शांतपणे ऐकलं. मग, "म्हणजे शिपायाने ओळखीच्याच्या मशीनला झुकतं माप दिलं, असं लिहायचं ना?"
म्हटलं, मापामुळेच तर ते बुडालं.
"बुडालं की तरलं, कोण बघतं? नानांची चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. आणि अस्लमभाईंनी सांगूनच ठेवायला लावलं, असं म्हणायला कोणी कमी करणार नाही. बघा बुवा."
वाईट हे, की ते खोटं बोलत नव्हते.

१५ मे, गुरुवार
अस्लमभाई मशीन न्यायला आले. सगळं सांगून टाकलं. बराच वेळ वायर गुंडाळत राहिले. "अक्का, नानाचं नाव येत असेल तर राहू द्या. त्याने माझं भलंच पाहिलं."
"आणि तुमचं?"
"सुरत काही वाईट नाही."
इतका राग आला त्यांचा. भांडले असते तर सोपं गेलं असतं. मशीन नेऊ दिलं नाही, म्हटलं अजून काम आहे.

१६ मे, शुक्रवार
धुळे. समितीने बोलावलं. एसटीत सगळा रस्ता ठरवत होते, पारोळ्यापर्यंत सांगायचं, पुढे नाही सांगायचं.

बैठक थोडक्यात. अध्यक्षबाईंनी अहवाल चाळला, विचारलं, "तिन्ही मशीनना परिस्थिती सारखीच होती ना?" साहेब माझ्याकडे बघत नव्हते.
म्हटलं, नाही. क कूलरपुढे होता, कागद दमट झाला. चाचणी परत घ्यायला हवी.
अध्यक्षबाईंनी पेन उघडलं. "ठीक, घेऊ परत. पण तिथे ठेवला कोणी?"

पाणी मागितलं. प्यायले, अजून मागितलं. अध्यक्षबाई म्हणाल्या, "सोमवारी लेखी द्या. नावासकट."

परतीच्या गाडीत आहे. नाना सोमवारी विचारतील, "काय व्हयनं ताई?"